पणजीच्या पत्रांत युद्ध कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातल्या तुमच्या घरी आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत त्यांच्या आईची, म्हणजे तुमच्या पणजीची, चाळीसेक पत्रं निघाली. 1942 ते 1945 या काळातली. आजोबा तेव्हा मराठा पलटणीत, आधी मध्यपूर्वेत आणि मग इटलीत. पत्रांत लढाईबद्दल अक्षर नाही, बेचाळीसच्या चळवळीबद्दल नाही. म्हैस व्याली, पाऊस लांबला, शेजाऱ्यानं बांध कोरला, चुलत बहिणीचं लग्न उरकलं, रॉकेल मिळत नाही, एवढंच. घरातले म्हणतात, यात काही नाही. पणजीला अक्षरओळख नव्हती, तर ही पत्रं तिची म्हणायची का? पणजोबा 1944 च्या पावसाळ्यात वारले, पण ते कळवणारं पत्र गठ्ठ्यात का नाही? आणि हे सगळं लॅमिनेट करून ठेवलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे: लॅमिनेट करू नका. कारण पुढे सांगते. आता पत्रांकडे वळू.

त्या पिढीतल्या शेतकरी घरातल्या बाईला लिहिता येत नसणं यात नवल काहीच नाही. पत्र सांगून लिहून घेतलं जायचं. लिहिणारा कधी शाळामास्तर, कधी पोस्टमन, कधी गावातला चार बुकं शिकलेला कुणी, कधी घरातलंच चौथीत शिकणारं पोर. चाळीसही पत्रं टेबलावर मांडा आणि मजकूर न वाचता नुसती अक्षरं बघा. दोन-तीन हात वेगळे ओळखू येतील. प्रत्येक हाताला एक खूण द्या आणि कुठल्या पत्राला कुठला हात ते वहीत लिहून ठेवा. यातून पुष्कळ काही सुटतं. मास्तरांच्या हातचं पत्र साच्यातून आल्यासारखं असतं: वर श्री, मग चिरंजीव अमुक यास अनेक आशीर्वाद, इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवीत जावी, शेवटी कळावे. बाई बोलली असेल "पाऊस लई झाला, ज्वारी काळी पडली", आणि मास्तरांनी लिहिलं असेल "अतिवृष्टीमुळे पिकाचे नुकसान झाले". पोराच्या हातचं पत्र मात्र ती बोलेल तसं उतरतं. शुद्धलेखन गेलेलं, ओळी वर चढलेल्या, आणि मध्येच "न्हाई", "तवा", "आन" असे शब्द. माझा अनुभव असा की आईचा आवाज ऐकायचा असेल तर पोरांनी लिहिलेली पत्रं आधी वाचावीत. त्यात तळाशी ताजा कलम करून लिहिणाऱ्यानं स्वतःची एखादी बातमीही घुसडलेली असते, मोठ्यांनी सांगायची नाही ठरवलेली. एखादं पत्र मोडी लिपीत लिहिलेलं निघालं तर बुचकळ्यात पडू नका. शाळेत बालबोध, म्हणजे देवनागरी, आलं होतं तरी जुन्या माणसांचा हात त्या काळात मोडीवरच बसलेला होता. पुण्यामुंबईत मोडी वाचणारी मंडळी आजही मिळतात.

तेव्हा पत्रं तिचीच. हात दुसऱ्याचा, पण काय सांगायचं आणि काय गाळायचं ही निवड तिची. आणि ही निवड करताना तिला पक्कं माहीत होतं की हे पत्र एकांतात कुणीच वाचणार नाही. इकडे मास्तरांना सगळं कळणार. वाटेत सरकार फोडून पाहू शकतं. तिकडे पोराला स्वतःला वाचता येत असेल तर ठीक, नाहीतर बरॅकीत दुसरा कुणी मोठ्यानं वाचून दाखवणार. हिंदी फौजेत रंगरुटांना शिकवायची ती रोमन लिपीतली उर्दू. मराठी पत्र वाचायला गावाकडची शाळा उपयोगी पडे, ती झालेली नसेल तर सोबत्याचे डोळे. इतक्या कानांसमोर कुठली आई सुनेचं दुखणं, दिराशी झालेलं भांडण किंवा स्वतःची भीती सांगेल? म्हणून या पत्रांत भावनेचे शब्द सापडत नाहीत. आशीर्वाद आणि "जिवाला जप" याच्यापुढे ती जात नाही. तिनं काय लपवलं याचा माग काढायचा तर तिनं कुठली बातमी आधी आणि कुठली शेवटी सांगितली ते पाहा. सुरुवातीलाच "काळजी करू नको" आलं, तर त्या पत्रात काळजीचं काहीतरी आहे असं समजून पुढे वाचा.

सेन्सॉरबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण "ती घाबरून लिहीत नव्हती" एवढ्यावर लोक थांबतात. हिंदी सैनिकांची पत्रं तपासण्याची पद्धत पहिल्या महायुद्धातच बसली होती. फ्रान्समध्ये बुलोन्य इथे त्यासाठी खास कचेरी होती आणि तिनं इंग्रजीत भाषांतरित केलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात सैनिकांनी घरच्यांना सांकेतिक भाषेत लिहिलेलं सापडतं. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली म्हणजे आपली माणसं खपली. तुम्ही विचारता की म्हैस हाही संकेत असेल का. माझं मत विचाराल तर नाही. गठ्ठ्यात म्हैस व्यायल्याची बातमी साधारण जनावर व्यायला जेवढे महिने लागतात तेवढ्या अंतरानं येत असेल, तर ती म्हैसच आहे. संकेत शोधायच्या नादात साधी बातमी हातची जाते.

दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉरकडून दर थोड्या दिवसांनी सैनिकांच्या मनःस्थितीचा गोषवारा वर जायचा. त्या गोषवाऱ्यांत 1943 च्या सुमाराला एकच रड पुन्हा पुन्हा येते: घरी महागाई आहे, धान्य नाही, पाठवलेले पैसे पुरत नाहीत, जमिनीवर कुणी हात टाकलाय. म्हणजे तुमच्या पणजीनं रॉकेलबद्दल लिहिलेली ओळ सरकारच्या दृष्टीनं क्षुल्लक नव्हती. घरची चिंता लागलेला शिपाई मन लावून लढत नाही, हे त्यांना कळत होतं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते, पत्रांत युद्ध नाही याकडे. पत्रं तारखेनं लावा आणि बाजूला एक कोरा कागद घ्या. जपान्यांनी मार्च 1942 मध्ये रंगून घेतलं. त्याबरोबर ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि रॉकेलही, कारण आपल्याकडे येणाऱ्या रॉकेलचा मोठा वाटा तिथूनच यायचा. म्हणून "दिव्याला तेल नाही, जेवणं उजेडातच उरकतो" ही ओळ म्हणजे रंगून पडल्याची बातमी. त्याच महिन्यात जावा गेलं. कोयनेलीचा, म्हणजे हिवतापावरच्या क्विनाइनचा, पुरवठा जवळजवळ सगळा त्या बेटावरून होत असे. पुढच्या पावसाळ्यांत हिवतापानं माणसं आडवी झाली आणि दवाखान्यात कोयनेल नाही, असं पत्रात दिसलं तर ती जावाची बातमी. 1943 मध्ये मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा आला. धातू वाचवायचा होता आणि सुट्या नाण्यांची टंचाई होती. पोरांनी तो दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्याचं कुणी लिहिलं असेल तर तीही लढाईचीच गोष्ट. मे 1943 मध्ये मुंबई शहरात रेशनिंग सुरू झालं. तुमच्या घरचा कुणी गिरणीत असेल, आणि साताऱ्याकडच्या घरातला एक तरी माणूस मुंबईला असायचाच, तर त्याच्या जेवणाची हकिकत कुठल्या ना कुठल्या पत्रात येईल. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्यानं भरलेलं फोर्ट स्टिकिन जहाज उडालं. त्यानंतरच्या पत्रात "मुंबईची माणसं सुखरूप आहेत" असं एक वाक्य कारण न देता आलं असेल, तर त्याचं कारण तिथे आहे. पत्राची तारीख एप्रिल-मेची आहे का ते बघा.

लढाईच्या बातम्या गावात पोचत नव्हत्या असं नाही. भरतीवाले यायचे, रजेवर आलेले शिपाई सांगायचे, तालुक्याला वर्तमानपत्र यायचं, आणि कुणाच्या तरी घरी तार यायची. या युद्धात हिंदी फौजेत 25 लाखांच्या आसपास माणसं होती आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) या पट्ट्यातली मराठा पलटणींत भरली होती. जून 1942 मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे कैद झाली. तिकडे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर मार्च 1944 मध्ये सांगशाकला चौथी पलटण जपान्यांसमोर उभी होती. इटलीत 10 जुलै 1944 ला नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगावकडचे. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी तोच क्रॉस मिळवला आणि ते जिवंत परतले. अशी एकेक बातमी किती गावांतून कशी फिरली असेल याचा विचार करा. तुमच्या पणजीनं जर जुलै-ऑगस्ट 1942 मध्ये नेहमीपेक्षा जास्त पत्रं पाठवली असतील, मजकूर तोच, "तुझं पत्र नाही, ताबडतोब उत्तर पाठव" एवढाच, तर शेजारच्या गावात तोब्रुकची तार आलेली असू शकते. ती तसं लिहिणार नाही.

बेचाळीसच्या चळवळीबद्दलचं मौन वेगळ्या जातीचं आहे. तुमच्या जिल्ह्यात 1943 पासून नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानणारं समांतर सरकार, चाललं होतं. त्याची स्वतःची न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती. एकाच गावातून एक पोरगा इंग्रजांच्या फौजेत आणि दुसरा भूमिगतांना भाकरी पोचवतोय, हे तिथे नवल नव्हतं. कधी कधी तर एकाच घरातून. शिपायाच्या आईनं यातलं काही पत्रात घातलं असतं तर तिच्यावर दोन्हीकडून संकट आलं असतं. तरीही एक फट राहते, ती म्हणजे लग्नाची बातमी. प्रतिसरकारनं हुंडा न घेता, बँडबाजा न लावता, कमी खर्चात लग्नं लावायचा आग्रह धरला होता आणि अशा लग्नांना लोक गांधी लग्न म्हणत. तुमच्या पणजीनं चुलत बहिणीचं लग्न "उरकलं" असं लिहिलंय. तो विधी गांधी पद्धतीचा होता की कापड-साखर मिळेना म्हणून आटोपता घेतला, हे एका शब्दावरून ठरवू नका. लग्नात कोण पुढे होतं, ते कुठे लागलं, आहेर घेतला का, एवढे तपशील पत्रात असतील तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. उत्तर दोनपैकी कुठलंही निघू शकतं. दोन्ही खरी असण्याचीही शक्यता आहे.

बांधाच्या ओळीवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन. "शेजाऱ्यानं बांध कोरला" हे तुमच्या घरच्यांना गावगप्पा वाटतं. पण शिपायाचं जमिनीचं भांडण हे त्या काळी पलटणीचंही काम होतं. शिपायानं आपल्या अंमलदाराकडे अर्ज द्यायचा, पलटणीतून कागद कलेक्टरकडे जायचा, आणि जिल्हा सोल्जर्स बोर्ड नावाची व्यवस्था होती ती चौकशी करायची. शिवाय 1925 चा एक कायदा होता, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट. लढाईवर असलेल्या शिपायाविरुद्ध दिवाणी दावा त्याच्या गैरहजेरीत निकालात निघू नये, तो पुढे ढकलता यावा, यासाठी. म्हणजे बांधाची बातमी इटलीला कळवणं हा आईचा सर्वात परिणामकारक उपाय होता. गावच्या पाटलाकडे गेली असती तर त्यानं ऐकून घेतलं असतं. पोरानं तिकडून अर्ज टाकला तर मामलेदाराचा शिपाई शेतावर यायचा. बांधाची बातमी किती पत्रांत येते, सर्व्हे नंबर दिलाय का, शेजाऱ्याचं नाव पूर्ण लिहिलंय का, हे पाहा. नाव पूर्ण आणि नंबरासकट असेल तर तो मजकूर अर्जासाठी पुरवलेला आहे. पुढच्या एखाद्या पत्रात "साहेब येऊन गेला" किंवा "आता गप आहे" असं सापडलं तर अर्ज पोचला असं समजा. तुमच्या घराचे सातबारा आणि फेरफार त्या वर्षांचे काढून जुळवून बघा. पत्र आणि फेरफार एकमेकांशी बोलतात तेव्हा जो आनंद होतो तो मी शब्दांत सांगणार नाही.

पैशाच्या ओळीही अशाच काळजीनं वाचा. शिपायाच्या पगारातला ठरावीक भाग परस्पर घरी येत असे, शिवाय मनीऑर्डर. "पैसे पावले" ही ओळ जवळजवळ प्रत्येक पत्रात असेल. ती पावती आहे. पैसे कुणाच्या नावानं येत होते ते शोधा, बापाच्या, आईच्या की बायकोच्या. नाव बदललं असेल तर घरात काहीतरी घडलंय.

तुम्ही लिहिता की पणजी सारखे प्रश्न विचारते. बैल विकू का, पोराचं नाव काय ठेवू, कौलं घालायची की यंदा राहू दे. आणि तुम्हाला गंमत वाटते की उत्तर यायच्या आत बैल विकून झालेला असणार. बरोबर आहे. पत्र जायला आठवडे, कधी महिने. बारसं मात्र बाराव्या दिवशी. ती नाव विचारते त्या पत्राची तारीख आणि बाळाच्या जन्माची तारीख ताडून पाहा, बारसं आधीच झालेलं निघण्याची शक्यता बरीच आहे. मला या पत्रांत सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच. तिला सल्ला नको होता. घरातल्या कर्त्या पोराची जागा मोकळी ठेवायची होती. बैल कुणी विकला असं कुणी विचारलं तर "त्याला कळवलं होतं" असं सांगता आलं पाहिजे, दिराला, जावेला, आणि परत आल्यावर खुद्द त्याला. शिपाई तीन-चार वर्षांनी परततो तेव्हा घरातला कारभार दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. कित्येक घरं तिथे फुटली. तुमच्या पणजीनं प्रत्येक बारीकसारीक गोष्ट त्याच्या कानावर घालून तो धोका टाळला. म्हणून तिची पत्रं मला बातमीपत्रापेक्षा कारभाराच्या वहीच्या जवळची वाटतात.

सुनेचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. तुमची आजी याच घरात होती. तिची पत्रं नाहीत, कारण सासूच्या पत्रातच तिची बातमी जायची, तीही "घरातली मंडळी बरी आहेत" अशा आडपडद्यानं. ती माहेरी गेली, आली, तिला बरं नव्हतं, दिवस गेले, या गोष्टी सासू किती अंतर राखून सांगते ते बघा. पोराच्या हातच्या पत्रांत एखाद्या ओळीचा सूर अचानक बदलत असेल, "वहिनी सांगते" किंवा नुसतंच "लवकर या", तर ती ओळ आजीची असू शकते. "ये" ऐवजी "या" आलं की कान टवकारा. आई मुलाला अहोजाहो करत नाही. मास्तरांच्या साच्यात मात्र "तुमची खुशाली" येतंच, त्यामुळे मास्तरांच्या पत्रात ही खूण चालत नाही.

आता पणजोबांच्या मृत्यूचं पत्र. ते गठ्ठ्यात नसण्याची दोन कारणं संभवतात आणि पत्रांतूनच त्यांचा निकाल लावता येतो. पहिलं कारण रिवाजाचं. मृत्यू कळवणाऱ्या पत्रावर श्री घालत नाहीत, आणि असं पत्र वाचून झालं की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. काही भागांत कार्डाचा कोपराच फाडून पाठवत, म्हणजे हातात घेताच कळावं. तुमच्या आजोबांना ते मिळालं असेल तर त्यांनी इटलीतल्या कुठल्या तरी छावणीत वाचून फाडलं असेल. गठ्ठ्यातली पोकळी हीच त्याची खूण. अशा पोकळ्या प्रत्येक गठ्ठ्यात असतात आणि म्हणून जपून ठेवलेल्या पत्रांवरून घर नेहमी प्रत्यक्षापेक्षा सुखी दिसतं.

दुसरं कारण असं की त्यांना कळवलंच नाही. लढाईवरच्या पोराला बाप गेल्याचं कळवू नये, त्याचं लक्ष उडेल, रजा मिळायची नाही, उगाच तळमळेल, असं ठरवणारी घरं मी पाहिली आहेत. हे ओळखायचं कसं? 1944 च्या पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या पत्रांत पाठवणाराचं नाव पाहा. आधी पणजोबांच्या नावानं पत्र जात असेल, "तुझ्या वडिलांचे आशीर्वाद" असं येत असेल, तर ते कधी थांबलं? आणि पणजीच्या नावामागे काय आहे? नवरा असेपर्यंत ती सौ., नंतर गं. भा. लपवायचं ठरलं असेल तर लिहिणाऱ्यापुढे पेच आहे. विधवेला सौ. लिहिणं त्याच्या हातून होणार नाही आणि गं. भा. लिहिलं तर बातमी फुटली. अशा वेळी तो दोन्ही गाळतो. नुसतं "तुझी आई" असं लिहून मोकळा होतो. 1944 च्या श्रावणानंतर "सौ." नाहीसं झालं आणि "गं. भा." बऱ्याच उशिरानं उगवलं, तर मधला काळ लपवण्याचा. सौ. वरून एकदम गं. भा. झालं असेल तर कळवलं होतं आणि पत्र फाडलं गेलं. तुम्ही म्हणता की 1945 च्या एका पत्रात वर्षश्राद्धाचा उल्लेख आहे, जणू त्यांना ठाऊकच आहे. म्हणजे तोवर तरी कळलेलं होतं. मधल्या पत्रांवरची ही दोन अक्षरं तपासा आणि मला कळवा. मला खरंच उत्सुकता आहे.

यासाठी पत्रं तारखेनं लावणं आलंच. इंग्रजी तारीख नसेल तर मिती, म्हणजे पंचांगातली तिथी, असेल. शके 1865 म्हणजे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 1943, त्यापुढे फाल्गुनाअखेर 1944. शकात 78 मिळवायचे, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी 79. मितीही नसेल तर नक्षत्रं आणि सण कामाला येतात: मृगाचा पेरा जूनचा, हस्ताचा पाऊस सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, बेंदूर आषाढात. पोस्टाचे शिक्के भिंगानं वाचा. गावच्या पोस्टाचा एक, आणि नशीब असेल तर फौजी पोस्टाचा, एफ.पी.ओ. आणि आकडा असलेला. लढाईच्या काळात कुठलं फौजी पोस्ट कुठे होतं याच्या याद्या टपालसंग्राहकांकडे असतात, त्यावरून पत्र हातात पडलं तेव्हा आजोबा कुठे होते ते कळतं. पत्त्यात त्यांचा फौजी नंबर असेलच. तो घेऊन बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरशी संबंधित अभिलेख कार्यालयाकडे, वारस म्हणून अर्ज करा. किती मिळेल ते सांगता येत नाही, पण नंबराशिवाय अर्ज केला तर काहीच मिळत नाही.

जतनाचं थोडक्यात. लॅमिनेशनमध्ये उष्णतेनं प्लास्टिक कागदावर चिकटतं आणि ते पुन्हा सोडवता येत नाही, आतला आम्लयुक्त कागद पिवळा होत राहतो. सेलोटेपही नको, दहा-वीस वर्षांनी त्याचा तपकिरी पट्टा राहतो. टाचण्या, क्लिपा गंजल्या असतील तर अलगद काढा. लढाईच्या काळात कॉपिंग पेन्सिल खूप वापरात होती. दिसायला शिशाची, पण ओल लागली की जांभळी होऊन पसरते. म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचा मोह टाळा, बोट ओलं करून पानही उलटू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पत्राच्या दोन्ही बाजूंचे आणि पाकिटाचे फोटो घ्या. पाकीट आणि पत्र वेगळं करू नका. कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक घाला. मग आम्लविरहित कागदाच्या पाकिटांत घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. डांबरगोळ्या कागदाला लागून नकोत. ट्रंक रिकामी जपायची असेल तर जपा, पण पत्रं त्यात परत टाकू नका. पावसाळ्यात लोखंडाला आतून पाणी सुटतं.

छापायचा विचार असेल तर बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याचे नातू अजून शेजारीच राहतात, हे लक्षात असू द्या. नावं बदला. आणि पणजीचे शब्द सुधारू नका, "न्हाई" ला "नाही" करू नका.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. चौथीपाचवीतल्या ज्या पोरानं काही पत्रं लिहिली, ते आज नव्वदीत असेल. तुमची एखादी आत्याआजी, आजोबांची धाकटी बहीण, चुलत भाऊ, भावकीतलं कुणी. पोराच्या हाताची दोन पत्रं घेऊन त्यांच्याकडे या आठवड्यात जा. "युद्धाच्या आठवणी सांगा" असं म्हणू नका, त्यावर ते गांधीजींचं आणि हिटलरचं सांगतील. विचारा की पत्र लिहायला कुठे बसायचात, शाई कोण करायचं, ती सांगताना थांबायची कुठे, लिहून झाल्यावर वाचून दाखवायला लावायची का, आणि वाचून दाखवल्यावर कधी काही खोडायला लावलं का. पत्रातल्या खाडाखोडी आधी नीट पाहून जा. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि ते गप्प बसले तर तुम्ही पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नका.